अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट

मुंबईहून सोलापूरकडे निघालेली लोहमार्गाची मोठी लाईन बार्शीला बाजूला टाकून गेली. धान्य-कापसाची एवढी मोठी पेठ, पण तिचं स्टेशन 34 किलोमीटर दूर, बार्शी रोडला. म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये हे अंतर अडीच फुटी रुळांनी जोडलं.

रूळ अरुंद असले तरी काम कच्चं नव्हतं. इंजिन असो वा मालडबा, एकाही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा काल्थ्रॉपचा नेम. त्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात राहिला आणि लांबलचक बोगीच्या डब्यांत मालही भरपूर मावू लागला. लीड्सच्या किट्सन कारखान्यातल्या इंजिनांना म्हणूनच आठ जोडचाकं होती. भारतात येण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून ही गाडी चालवून पाहिली गेली. पुढे 1904 मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधली लीक-मॅनिफोल्ड लाईन झाली, तिची इंजिनं बार्शीच्या धर्तीवर बनली. रेल्वेची विद्या तिकडून इकडे आली हे सगळेच सांगतात; बार्शीची ही परतफेडही सांगायला हवी.

1906 मध्ये गाडी पंढरपूरला पोचली आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी ओढू लागली. 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर!

अडचण एकच, पण रोजची. मोठ्या लाईनचे डबे या रुळांवर येत नसत, त्यामुळे कुर्डुवाडीला सगळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. तरीही ही लाईन टिकली. 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं. जुनी गाडी येडशीवरून जायची, धाराशिव शहर तिला लागत नसे. नवा मार्ग वळवून शहरापर्यंत नेला गेला. शंभर वर्षांची ही चूक सुधारली, हे फार बरं झालं.

रुंद झालेल्या या मार्गाचं मोल दुष्काळात कळलं. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलेलं असताना मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे पहिली पाणीगाडी आली; दहा वाघिणींतून तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणलं.