वसतिगृहाच्या खोलीत काय घडतं?

'कॉलेजनं चळवळ घडवली' असं आपण सहज म्हणतो. म्हणजे नेमकं काय केलं? कॉलेज मोर्चा काढत नाही. प्राचार्य तर बहुतेक वेळा 'परीक्षा जवळ आल्यात' हेच सांगत असतात. माझा पीएचडीचा विषय वसतिगृहांचा इतिहास आहे, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी वाटेल, पण ऐका.

आधी अमेरिका. तिथे गोऱ्यांच्या कॉलेजांत प्रवेश नव्हता, म्हणून यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी कॉलेजं उभी राहिली. त्यातल्याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका कॉलेजची चार पहिल्या वर्षाची पोरं 1 फेब्रुवारी 1960 ला ग्रीन्सबरो गावातल्या वूलवर्थच्या दुकानात, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. त्याआधी ती रात्र रात्र वसतिगृहात याच विषयावर वाद घालत होती. त्यांच्यामागे त्या वेळी कुठली मोठी संघटना नव्हती. खोली होती आणि वेळ होता. काही आठवड्यांत हे आंदोलन दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पोचलं. किंमतही लगेच मोजावी लागली. अलाबामा स्टेट कॉलेज सरकारी पैशावर चालायचं. तिथल्या नऊ विद्यार्थ्यांना त्याच वर्षी असंच बसल्याबद्दल काढून टाकलं गेलं.

आता आपल्याकडे या. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. जून 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. गंमत बघा, त्याच जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र पाठवून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. डु बॉइस स्वतः फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकलेले.

पण एक फरक मोठा आहे. अमेरिकेतली ती कॉलेजं वेगळं ठेवल्यामुळे जन्मली. सिद्धार्थचं दार मात्र पहिल्यापासून सगळ्या जातींना उघडं होतं. तिथे सकाळी वर्ग भरायचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या पोरालाही पदवी घेता यावी. मला विचाराल तर सकाळच्या वर्गांचं ते वेळापत्रक एखाद्या जाहीरनाम्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पुढे 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सोसायटीचं दुसरं कॉलेज सुरू झालं. तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आणि परिसराला, नागसेनवनाला, उत्तर देणाऱ्याचं! मराठवाड्याच्या खेड्यांतून पोरं इथे आली, वसतिगृहात राहिली. गावात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्याला इथे स्वतःची खाट, कंदील नाही तर दिवा, आणि रात्री बोलायला सोबती मिळाला.

त्या बोलण्यातून लिहिणं आलं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे इथे प्राध्यापक होते. कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य आणि आपलं लिहिणं शेजारी ठेवून बघा, असा त्यांचा आग्रह. 1967 च्या सुमारास इथूनच 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. त्याचंच पुढे 'अस्मितादर्श' झालं आणि गंगाधर पानतावणे यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. दलित साहित्याच्या कितीतरी पहिल्या कविता त्यात छापून आल्या.

मुंबईत 1972 ला दलित पँथर उभी राहिली, नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हा पँथरच्या कार्यकर्त्यांचा अड्डा होता. रामदास आठवले तिथेच राहायचे. अर्थात सगळं श्रेय कॉलेजला देऊ नका. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचे, त्यांची शाळा कामाठीपुऱ्याच्या गल्लीत झाली.

आणि मग नामांतर. मराठवाडा विद्यापीठ 1958 चं, म्हणजे मिलिंदपेक्षा आठ वर्षांनी धाकटं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 ला केला. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव कागदावरच राहिला. 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. शेवटी 14 जानेवारी 1994 ला नाव मिळालं, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून, नामविस्तार म्हणून. एका नावासाठी सोळा वर्षं.

आता वसई-विरारच्या वाचकांना एक हिशेब. विरारहून चर्चगेटला जायला दीड तास, यायला दीड तास. म्हणजे दिवसाचे तीन तास, तेही बऱ्याचदा दारात लटकून. लेक्चर संपल्यावर कट्ट्यावर थांबायचं म्हटलं तर 'गाडी चुकेल' हे पहिलं वाक्य. ग्रीन्सबरोच्या पोरांकडे, नागसेनवनातल्या पोरांकडे जी रात्र होती, ती आपल्या पोरांची गाडीत जाते. म्हणून वसतिगृहाच्या जागा आणि भत्ता हे विषय मला 'सोयीसुविधा' या सदरात टाकावेसे वाटत नाहीत.

तुमच्या घरात कुणी सकाळच्या सिद्धार्थला शिकलं असेल किंवा सिद्धार्थ विहारात राहिलं असेल, तर खोलीत किती जण होते, जेवणाचं काय करायचे, रात्री कशावर भांडायचे, हे त्यांना विचारून मला नक्की लिहा.