ओट्यावरची सावली : स्वयंपाकघरात छतातले दिवे कसे निवडाल?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. आजचा विषय: फॉल्स सीलिंगमध्ये बसवायचे दिवे. आपण ज्यांना कन्सील्ड लाईट म्हणतो, ते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. घराचं काम काढलं तेव्हा स्वयंपाकघराच्या छतावर चार दिव्यांचा सुबक चौकोन मीच आखून दिला. दिवे लागले, सगळे "वा!" म्हणाले. आठवड्याभरात आईनं कांदा चिरताना बोट कापून घेतलं. म्हणाली, "अरे, उजेड माझ्या पाठीवर पडतोय, पाटावर माझीच सावली." जाऊन बघितलं तर खरंच! दिवे खोलीच्या मधोमध आणि आपण उभे राहणार भिंतीकडे तोंड करून. मग दुसरं काय होणार?

म्हणून पहिला प्रश्न "किती वॅटचे?" हा नाही. "कुठे?" हा आहे. आपला ओटा साधारण २४ इंच खोल असतो. दिवा भिंतीपासून १८ ते २० इंचांवर घेतला की तो डोक्याच्या मागे न राहता पुढे येतो. एक सिंकवर, एक चिरण्याच्या जागेवर. शेगडीवर चिमणीचा दिवा असेल तर तिथे वेगळा नको. वर कपाटं असतील तर त्यांची सावली पडतेच, त्यासाठी कपाटाखाली एलईडी पट्टी लावा. ती कमी छतातले दिवे वाढवून भरून निघत नाही.

आता किती? सोपा हिशोब सांगतो. ८ बाय १० फुटांचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. चौरस मीटरला ३०० लुमेन धरले तर सव्वादोन हजार होतात. भिंती, धूळ, तेलकटपणा यांत थोडा उजेड जातो, म्हणून ३,००० धरा. वॅटमागे ९० लुमेन देणारे ६ वॅटचे सहा दिवे पुरतात. १५ वॅटचे दोनच घेतले तर जवळपास तेवढाच उजेड मिळेल, पण सावल्या गडद पडतील. घरात वयस्क माणसं असतील तर हात थोडा सैल सोडा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते, त्यांना आपल्यापेक्षा जास्त उजेड लागतो.

खोक्यावर दोन आकडे बघा. पहिला केल्विन: ३,००० म्हणजे पिवळसर, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा, ४,००० मधला. मला मधला पटतो. दुसरा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते. ८० चालतो, ९० मिळाला तर उत्तम. खोबरं खमंग भाजलंय की करपायला लागलंय, हे रंगावरूनच कळतं ना!

आणखी दोन गोष्टी. दिव्याचं तोंड बंद असलेलं घ्या, फोडणीचा तेलकट थर पुसता येतो. आणि भोक पाडण्याआधी प्रत्यक्ष दिवा आणून कटआऊट मोजा. सारख्याच वॅटच्या दिव्यांची भोकं सारखी असतीलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीलिंग करण्याआधी एका रात्री घरच्यांपैकी कुणाला तरी स्टुलावर चढवा, हातात टॉर्च द्या आणि तुम्ही ओट्यापाशी चिरायला उभे राहा. सावली पाटावर पडली, तर जागा बदला. फुकटात काम होतं. मला मात्र भोकं बुजवून, पुन्हा रंग देऊन हे शिकावं लागलं.

आता आई चिरायला बसत नाही, ओट्यापाशीच उभी राहते. परवा म्हणाली, "आता मेथीतली काडीसुद्धा दिसते हो!"

तुमच्या ओट्यावर सावली कुठे पडते, आज रात्री बघा. भेटूया पुढच्या भागात!