वर्गातून हरवलेली माती

5 डिसेंबरला जागतिक मृदा दिन आला की शाळाशाळांत ‘माती वाचवा’ची चित्रे रंगतात. चित्र भिंतीवर लागते आणि मुले पेव्हर ब्लॉकच्या पटांगणातून घरी जातात. नखांत मातीचा कण नसतो. महाराष्ट्रात हे फार लागते, कारण इथे वेगळे घडले होते.

1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुले शेतात राबून शिकली. पुढे या हातकामाचा ‘कार्यानुभव’ हा विषय झाला आणि कित्येक शाळांत तो तास गणिताने गिळला.

पाय रेंगाळतात ते ऐंशीच्या दशकात, पाबळला. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या या कोरडवाहू गावात आले आणि विज्ञान आश्रम उभा राहिला. आश्रमाच्या अभ्यासक्रमात शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस कामाचा: वेल्डिंग, वीज, आरोग्य, शेती आणि पशुपालन.

मातीपरीक्षण हा तर नुसत्या वाचनाने न येणारा धडा. बांध आणि उकिरड्याची जागा टाळायची. शेतात नागमोडी चालत वीतभर खोल खड्डे घ्यायचे. माती कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सामू (pH) काढायचा. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला हा शब्द स्वतःच्या वावरातून आला की पाठ करावा लागत नाही.

‘शेतीच करायची तर शाळा कशाला?’ असे तेव्हा ऐकवले जाई. तो आक्षेप चुकीचाच होता. पोरांना नांगराला जुंपायचा तो बेत नव्हता. हात चालले की डोके चालते, हा त्यामागचा विचार होता.

2003 साली कलबाग गेले. त्यांचा अभ्यासक्रम इतर शाळांतही पोचला, पण राज्याची रीत काही झाला नाही.

2015 साली माती तपासून मिळणारी जमीन आरोग्य पत्रिका आली. तिच्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून 12 घटक असतात. ती वाचू शकेल असे दहावीतले पोर घरात असते, पण त्याला ते कुणी शिकवलेले नसते. मातीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते कृष्णाकाठी दिसते: उसाला पाणी अति झाले, निचरा झाला नाही, क्षार वर आले आणि काळी रानेच्या राने क्षारपड झाली.

येत्या डिसेंबरात चित्रे काढावीतच. पण शिक्षकांनी त्याआधी मुलांच्या हाती कुदळ द्यावी, एक नमुना काढून घ्यावा आणि आलेली पत्रिका त्यांनाच घरी वाचून दाखवायला सांगावी.