निशांत वांकेल इंजिन

निशांत वांकेल इंजिन हे ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी भारतात विकसित केलेले ५५ अश्वशक्तीचे चक्रीय इंजिन आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था, बंगळूरची नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि तेथीलच एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट यांनी ते संयुक्तपणे घडवले. संपूर्णपणे भारतात रचलेले हे पहिले वांकेल इंजिन होय.

पार्श्वभूमी

दट्ट्याच्या विमान-इंजिनात जळालेले वायू बाहेर सोडणारी झडप सर्वाधिक तापते व लवकर निकामी होते. हा दोष टाळण्यासाठी ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीने १९३२ पासून पर्सियस, हर्क्युलिस व सेंटॉरस ही स्लीव्ह व्हॉल्व्हची अरीय इंजिने तयार केली. त्यांत सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यामध्ये असलेली छिद्रे पाडलेली पोलादी नळी सरकते व वायूंचे मार्ग उघडते-मिटते. भारतीय हवाई दलाने १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात वापरलेली टेम्पेस्ट विमाने सेंटॉरसवरच चालत. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनाने, जे १९५७ मध्ये प्रथम चालले, झडपांसोबत दट्ट्यालाही रजा दिली.

रचना

वांकेल इंजिनात फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक लंबगोलसदृश कोठीत फिरतो. फिरताना तोच कोठीच्या भिंतीतील छिद्रे उघडतो व झाकतो. घूर्णकाच्या एका फेऱ्यात मुख्य दंडाचे तीन फेरे होतात आणि दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो; त्यामुळे लहान आकारात बरीच शक्ती मिळते. निशांतचे इंजिन केवळ सुमारे ३० किलोग्रॅम वजनाचे आहे. मात्र झडपांची अडचण गेली तरी तिच्या जागी दुसरी येते. ज्वलन नेहमी कोठीच्या एकाच बाजूस होत असल्याने ती बाजू अधिक तापते, तर घूर्णकाच्या टोकांवरील सील भिंतीवर अखंड घासत राहतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या कोठीला आतून निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप द्यावा लागतो.

विकास

हा लेप, विशेष मिश्रधातूंची ओतकामे व इंजिनाचा गाभा नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने तयार केला. एरवी लष्करी वाहनांवर काम करणाऱ्या अहमदनगरच्या संस्थेकडे प्रज्वलन, इंधनपुरवठा इत्यादी प्रणाली होत्या. जमिनीवरील दीर्घ चाचण्यांनंतर ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळ या इंजिनावर निशांतने प्रथम उड्डाण केले. विमान १.८ किलोमीटर उंचीवर गेले आणि सुमारे ४० मिनिटांनी कोरड्या तलावात सुखरूप उतरले.

आयात इंजिनाची जागा या इंजिनाने घ्यावी, अशी अपेक्षा होती. परंतु लष्कराकडील चारही निशांत विमाने २०१५ पर्यंत कोसळली व पुढील खरेदी थांबली. अहमदनगरच्या संस्थेने त्यानंतर मध्यम उंचीवरील मानवरहित विमानासाठी २.२ लिटरचे डिझेल इंजिन हाती घेतले. ते मात्र झडपा व दट्ट्यांचेच आहे.