अंध दुकानदार आणि बोलणारा मोबाईल

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे पाटस हे गाव साखर कारखान्यामुळे बहुतेकांना ठाऊक आहे. बारामतीचा रस्ताही येथूनच फुटतो, त्यामुळे येथील दुकानदारी बरी चालते. या गावात आमच्या परिचयाचे एक किराणा दुकानदार आहेत. लहानथोर सारेच त्यांना चाचा म्हणतात. मधुमेह जुना होता, त्याने डोळ्यांच्या पडद्यावर घाला घातला. आता एका डोळ्याला काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याला उजेड व माणसाची सावली तेवढी कळते. तरीही डाळीचा डबा कोणत्या फळीवर आणि गुळाची ढेप कोणत्या कोपऱ्यात, हे चाचांना तोंडपाठ आहे. त्यांची अडचण मालाची नाही, मोबाईलची आहे.

गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकते. घाऊक व्यापाऱ्याकडे मालाची मागणी अॅपवरून नोंदवावी लागते. बँकेचा ओटीपी येतो तोही मोबाईलवरच. ही सारी कामे चाचांचा भाचा करतो, त्यामुळे पिनही त्यालाच ठाऊक. "पोरगा गुणाचा आहे," चाचा आम्हाला म्हणाले, "पण दुकान माझं, आणि शिल्लक किती ते मी दुसऱ्याला विचारायचं!" भाच्यावर अविश्वास नाही. पण चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने गल्ला मोजलेल्या माणसाला हे टोचणारच.

अशा व्यापारी बंधूंना एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोलणारा मोबाईल वेगळा विकत घ्यावा लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' ही सोय २००९ सालापासून आहे, तीही विनामूल्य. फोनच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' या विभागात ती सापडते. एकदा सुरू केली की वागण्याची रीत बदलते. काचेवर बोट ठेवले की त्या जागी काय आहे ते फोन बोलून सांगतो. ते उघडायचे असेल तर लागोपाठ दोनदा टिचकी मारायची. बोट उजवीकडे सरकवले की पुढची ओळ किंवा पुढचे बटन. मराठी आवाजही मिळतो. पहिले आठ दिवस माणूस वैतागतो, कारण फोन सारखा बडबडतो. पुढे कान सरावतात. मुरलेले अंध वापरकर्ते आवाजाची गती इतकी वाढवतात की आपल्यासारख्याला एक शब्द कळू नये.

पैशाचे काम करताना मात्र कानाला इअरफोन लावावा. नाहीतर खात्यातील शिल्लक साऱ्या दुकानाला ऐकू जाईल.

संगणकासाठीही अशी साधने आहेत. 'जॉज' हे त्यांतील जुने व नावाजलेले. अमेरिकेतील टेड हेंटर हे मोटरसायकल शर्यतीतले खेळाडू. १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांच्याच कंपनीने हे सॉफ्टवेअर काढले. त्याची किंमत मात्र सामान्य माणसाला परवडणारी नाही. ती अडचण दूर केली ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने. त्यांनी २००६ साली 'एनव्हीडीए' हे साधन लिहायला घेतले आणि ते सर्वांना फुकट दिले. आज जगभर ते वापरले जाते, आणि मराठीही वाचते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी अशाच पडदावाचक साधनाच्या आधारे अभ्यास करून २०१७ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या.

ज्यांची नजर अधू आहे पण पूर्ण गेलेली नाही, त्यांना बोलक्या फोनची गरज नसतेही. अक्षर मोठे करणे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणणे, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. विंडोज संगणकावर विंडोजचे बटन आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की भिंग उघडते.

मग चाचांचे काम अडते कुठे? दोष बहुतेक वेळा साधनात नसतो, तो अॅप किंवा वेबसाइट बनवणाऱ्याचा असतो. पडदावाचक जे लिहिलेले असेल तेच वाचतो. बटनावर नुसते चित्र काढले आणि आत त्याचे नाव लिहिले नाही, तर फोन फक्त "बटन, बटन" म्हणत राहतो. मालाचा फोटो टाकून भाव त्या फोटोतच छापला, तर अंध ग्राहकाला भाव कळत नाही. वेबसाइट कशी असावी याचे जागतिक नियम १९९९ पासून लिहून ठेवलेले आहेत, पण ते वाचतो कोण?

मराठीची आणखी एक कथा आहे, आणि यात आम्हा छापखानेवाल्यांचाही दोष आहे. युनिकोड येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. पडदावाचक त्याचा अर्थहीन खिचडा वाचून दाखवतो. कागद स्कॅन करून पीडीएफ टाकली तर ती नुसते चित्र होते, आणि पडदावाचक मुकाच राहतो. ज्यांनी आपले दरपत्रक इंटरनेटवर ठेवले आहे, त्यांनी एकदा हे तपासून पाहावे.

नोटांचेही तसेच. २०१६ नंतर नव्या आकाराच्या नोटा आल्या आणि बोटांनी नोट ओळखण्याची जुनी सवय निकामी झाली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचे अॅप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते रक्कम सांगते, इंटरनेट लागत नाही. गल्ल्यावरच्या गर्दीत प्रत्येक नोट अशी धरणे किती जमेल, हा प्रश्न आहेच. पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा डबा चाचांना त्याहून उपयोगी पडतो, जरी तो त्यांच्यासाठी बनवलेला नसला तरी.

कायदा काय म्हणतो? अंध व्यक्तीला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच बँकांना कळवले आहे. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. अलीकडची महत्त्वाची घटना ३० एप्रिल २०२५ ची. डिजिटल केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, चेहरा चौकटीत धरा, असे सांगितले जाते. अंध माणसाने ते कसे करावे? अॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून आदींनी, तसेच अंध वकील अमर जैन यांनी याविरुद्ध दाद मागितली. डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि केवायसी सुलभ करण्यासाठी २० निर्देश काढले.

या तालुक्याला अंधांच्या शिक्षणाचे वावडे नाही. पाटसहून पुण्याकडे रेल्वेने दुसरेच स्टेशन केडगाव. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी शंभर वर्षांपूर्वीच अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय केली होती.

चाचांच्या फोनमध्ये आम्ही टॉकबॅक सुरू करून दिला. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा त्यांनी इअरफोन लावून शिल्लक स्वतः पाहिली आणि पिनही बदलून घेतला होता. भाच्यालाही हायसे वाटलेले दिसले. मालाच्या मागणीचे अॅप मात्र अजून "बटन, बटन" एवढेच म्हणते. आम्ही त्या घाऊक व्यापाऱ्याला फोन केला. अॅप बनवणाऱ्याला सांगतो, असे तो म्हणाला. तोवर चाचा साखर आणि तेलाची मागणी त्याला फोनवर तोंडीच सांगतात.