फ्लॉपीच्या वाटेने आलेली टेप

1990 नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत ज्याच्या टेबलावर 120 एमबीची हार्ड डिस्क असलेला कॉम्प्युटर होता, त्याच्यापुढे एक सरळ हिशेब होता. फ्लॉपी 1.44 एमबीची. डिस्क भरलेली असेल आणि तिची पूर्ण नक्कल काढून ठेवायची असेल, तर ऐंशीहून जास्त फ्लॉप्या लागणार. प्रत्येकीवर क्रमांक घालायचा, एकेक आत घालायची, बाहेर काढायची. आणि पुढे परत भरायची वेळ आलीच तर त्यांतली एकही खराब निघता कामा नये. त्यामुळे बहुतेक लोक बॅकअप घेतच नसत. हिशेबाच्या वह्या, ग्राहकांच्या याद्या, प्रबंध, पत्रव्यवहार हे सगळं एकाच फिरत्या चकतीच्या भरवशावर असे.

या लोकांसाठी जे यंत्र आलं ते पाव इंची टेपचं, इंग्रजीत 'क्वार्टर-इंच कार्ट्रिज' म्हणजे क्यूआयसी. त्याची कॅसेट 3एम कंपनीने 1972 मध्येच आणली होती, पण ती मोठी होती, मिनी-कॉम्प्युटरसाठी होती आणि तिला स्वतःचं वेगळं कार्ड लागे. पुढे तिचीच तळहातावर मावणारी आवृत्ती निघाली, डीसी-2000 नावाची. तिच्यासाठी क्यूआयसी-40 आणि मग क्यूआयसी-80 ही प्रमाणं ठरली. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात लव्हलँड गावी 'कोलोराडो मेमरी सिस्टिम्स' ही कंपनी होती. तिचे 'जंबो 120' आणि 'जंबो 250' हे ड्राइव्ह या घराण्यातले सर्वात ओळखीचे. 1992 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ही कंपनी विकत घेतली.

हे ड्राइव्ह स्वस्त झाले ते एका निर्णयामुळे. प्रत्येक पीसीत फ्लॉपीचा कंट्रोलर असतोच, तर टेप त्यालाच जोडायची; वेगळं कार्ड नको, स्कझी या महागड्या जोडणीचा खर्च नको. या यंत्राचं सगळं यश आणि त्याने दिलेला जवळजवळ सगळा त्रास या एकाच गोष्टीतून निघतो. तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो. स्कझीची टेप निश्चितच चांगली होती, पण ती ज्यांना परवडत होती त्यांच्याकडे बॅकअपची सोय बहुधा आधीपासूनच होती.

फ्लॉपीच्या रिबन केबलमध्ये टेपसाठी एकही तार नाही. 'पुढे जा', 'मागे गुंडाळ', 'कशी आहेस ते सांग' असं सांगायला जागाच नाही. मोटर चालू करणं, हेड एक पाऊल सरकवणं, हेड शून्याव्या ट्रॅकवर आहे की नाही हे विचारणं, एवढीच त्या केबलची भाषा. म्हणून क्यूआयसी-117 या प्रमाणात एक युक्ती ठरली. हेड सरकवण्याचे जे स्पंद असतात, त्यांची संख्या हाच हुकूम समजायचा. कंट्रोलरला वाटतं की आपण फ्लॉपीचं हेड अमुक इतके ट्रॅक सरकवतोय. टेप ड्राइव्ह मात्र दारावरच्या थापा मोजाव्यात तसे स्पंद मोजत असतो. एक स्पंद म्हणजे नव्याने सुरुवात कर. सहा म्हणजे तुझी अवस्था सांग. चौदा म्हणजे टेप आरंभाच्या खुणेवर आण. उत्तर देण्यासाठी ड्राइव्हकडे 'शून्यावा ट्रॅक' सांगणारी एकच तार. म्हणून तो एका वेळी एकच बिट सांगतो, आणि पुढचा बिट हवा असेल तर दोन स्पंद पाठवून पुन्हा विचारावं लागतं.

एकाच केबलवर फ्लॉपी आणि टेप दोघंही असतात. मग हुकूम नेमका कोणासाठी? कोलोराडोचा ड्राइव्ह 46 स्पंद ऐकल्यावर जागा होई, दुसऱ्या कंपन्यांचे वेगळ्या आकड्यावर. दुसऱ्याच कंपनीसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर 'ड्राइव्ह सापडला नाही' असं म्हणे त्याचं एक कारण हे. ड्राइव्ह ठणठणीत असायचा, फक्त त्याला जाग आणणारा आकडा त्या प्रोग्रॅमला ठाऊक नसायचा.

जोडणीतली सर्वात जास्त घडणारी चूक बायॉसच्या सेटअपमध्ये होई. ड्राइव्ह केबलच्या बी जागेवर लावला की माणूस साहजिकच सेटअपमध्ये जाऊन बी ड्राइव्हची नोंद करी. ती नोंद करायचीच नसते. बायॉसच्या दृष्टीने तिथे काहीच नाही असं असलं पाहिजे, नाहीतर ते टेपला फ्लॉपी समजून चाचपत बसतं. बी जागेवर आधीच फ्लॉपी असेल तर तीन तोंडांची केबल लागे. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे आहे का, हेही आधी पाहायचं. ती उलटी लागली की फ्लॉपीचा दिवा सतत पेटलेला राहतो आणि शंका मात्र टेपवर घेतली जाते.

त्यानंतरचे घोटाळे डीएमएचे, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती थेट मेमरीत नेणाऱ्या वाटेचे. फ्लॉपीचा कंट्रोलर इंटरप्ट 6 आणि डीएमए चॅनेल 2 वापरतो. दुसरं एखादं कार्ड तिथे येऊन बसलं असेल तर फ्लॉपी कशीबशी चालते, कारण फ्लॉपीची चकती फिरून पुन्हा त्याच जागी येते आणि चुकलेला सेक्टर पुढच्या फेरीत वाचता येतो. टेपला ती सवलत नाही. क्यूआयसी-80 मध्ये ती सेकंदाला 34 इंच वेगाने सरळ पुढे जात असते. कॉम्प्युटरने वेळेवर माहिती दिली नाही तर ती थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा वेग घेते. हे वरचेवर झालं की अर्ध्या तासाचं काम दोन-अडीच तासांवर जातं आणि टेपचा तोच तुकडा हेडवर पुन्हा पुन्हा घासला जातो. कानांना हे लगेच कळतं: निरोगी बॅकअपचा आवाज एकसुरी, लांबलचक असतो, मिनिट-दोन मिनिटांनी दिशा बदलण्यापुरता तुटणारा. सारखं खर्र-थांब-खर्र ऐकू आलं तर स्क्रीन-सेव्हर बंद करायचा, मेमरीत राहणारे छोटे प्रोग्रॅम काढायचे, विंडोज 3.1 मधून बाहेर पडून डॉसमधूनच बॅकअप घ्यायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा वेग एक पायरी खाली आणायचा. आयत्या वेळी वेग कमी करणं पराभवासारखं वाटतं, पण टेप न थांबता चालली तर एकूण काम लवकरच संपतं.

क्यूआयसी-80 च्या टेपवर 28 ट्रॅक असतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक, मग हेड किंचित सरकून उलट दिशेने दुसरा, असं करत 28 वेळा. 120 एमबीची टेप 307.5 फूट लांब असते, म्हणजे पूर्ण भरेपर्यंत ती हेडसमोरून अडीच किलोमीटरहून जास्त धावते. एका ट्रॅकला पावणेदोन मिनिटांच्या आसपास, सगळ्यांना मिळून पन्नास मिनिटं. कोरी टेप फॉरमॅट करायची तर एवढा वेळ फक्त खुणा लिहायला, आणि त्या तपासायला पुन्हा तेवढाच. त्यामुळे फॉरमॅट करून विकलेल्या टेपा लोक आनंदाने थोडे जास्त पैसे देऊन घेत.

त्या फॉरमॅटमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असे. टेपच्या सुरुवातीला एक संदर्भखूण लिहिली जाते आणि पुढे हेडने कुठे उभं राहायचं हे तिच्यावरून ठरतं. फॉरमॅट करणाऱ्या ड्राइव्हचं हेड थोडं वाकडं बसलेलं असेल तर सगळे ट्रॅक त्याच वाकड्या मापाने लिहिले जातात. ती टेप त्या ड्राइव्हमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते आणि ड्राइव्ह मेला, नवा आणला, की एक फाइलही देत नाही. ज्याच्याकडे दोन कॉम्प्युटर होते त्याने महिन्यातून एकदा एकाची टेप दुसऱ्यात घालून पाहणं, ही मला या सगळ्या प्रकारातली सर्वात मोलाची खबरदारी वाटते.

अशा स्वस्त माध्यमावर भरवसा ठेवता येई तो चूक-दुरुस्तीच्या गणितामुळे. माहिती 32 सेक्टरांच्या गटांत लिहिली जाते; प्रत्येक सेक्टर एक केबीचा. 32 पैकी 29 मध्ये खरी माहिती आणि तीनमध्ये रीड-सॉलोमन पद्धतीने काढलेली जोड. कोणते सेक्टर गेले हे कळलं तर गटातले तीन सेक्टर पूर्ण नष्ट झाले तरी तिन्ही परत उभे करता येतात. टेपवर चुरगळा पडला, धूळ बसली, चुंबकीय थर एखाद्या ठिकाणी उडाला, तरी फाइल अख्खी मिळे ती याच गणिताच्या जोरावर.

'जंबो 250' मधला 250 हा आकडा मात्र जपून वाचायचा. टेप 120 एमबीचीच. माहिती दाबून निम्मी होईल असं धरून तो आकडा साधारण दुप्पट केलेला. पत्रं आणि हिशेबाच्या फाइली खरोखर निम्म्या होतात. आधीच झिप केलेल्या फाइली किंवा कॉम्प्रेस केलेली चित्रं तसूभरही आटत नाहीत, आणि मग 'टेप संपली, दुसरी घाला' हा निरोप रात्री कोणी जागं नसताना पडद्यावर येऊन थांबतो.

सॉफ्टवेअरची कथा जास्त दुःखद आहे. 1993 मध्ये एमएस-डॉस 6 सोबत आलेला बॅकअप प्रोग्रॅम टेपला ओळखतच नव्हता. तो फक्त फ्लॉपीसाठी. विंडोज 95 मधला बॅकअप फ्लॉपी कंट्रोलरवरच्या टेपा चालवी, स्कझीच्या नाही, आणि डॉस 6 ने घेतलेले बॅकअप त्याला उघडता येत नसत. विंडोज 98 मध्ये दुसऱ्याच कंपनीने लिहिलेला प्रोग्रॅम आला. विंडोज 95 च्या क्यूआयसी नावाच्या फाइली विंडोज एक्सपीच्या बॅकअपला वाचता येत नाहीत. टेपवरच्या खुणांसाठी प्रमाण होतं, फाइलींच्या मांडणीसाठी होतं, माहिती दाबण्यासाठीही होतं. पण ते पाळण्याची सक्ती कोणावर नव्हती. ज्या प्रोग्रॅमने लिहिलं त्यानेच वाचायचं, असं व्यवहारात होऊन बसलं.

डिस्क खरोखर मेली त्या दिवशी याचा फटका बसे. नवी डिस्क बसवली, टेप हातात आहे, पण टेप वाचणारा प्रोग्रॅम त्या मेलेल्या डिस्कवर होता. टेपवर काय-काय आहे याची सूचीही तिथेच होती. सूची टेपवरून पुन्हा तयार करता येते, वेळ लागतो इतकंच. प्रोग्रॅमच्या फ्लॉप्याच हरवल्या असतील तर सुरुवातच होत नाही. म्हणून टेपच्या डबीत बूट होणारी डॉसची फ्लॉपी, प्रोग्रॅमच्या मूळ फ्लॉप्या आणि कोणती आवृत्ती वापरली त्याची चिठ्ठी ठेवायची. ज्यांनी हे केलं त्यांना आजही त्यांची माहिती मिळण्याची आशा आहे.

आज अशी टेप कपाटात सापडली तर पहिल्यांदा तिच्या कोपऱ्यातली लेखनबंदीची खिट्टी सरकवायची. जुन्या ड्राइव्हमधलं रबराचं चाक, जे कॅसेटला फिरवतं, ते वयाने चिकट होऊन अक्षरशः वितळतं. त्याचा लगदा टेपवर लागला की नुकसान कायमचं. चाक बोटाने दाबून पाहायचं, खळगा पडत असेल तर ते बदलल्याशिवाय टेप आत घालायची नाही. हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचं. कॅसेटच्या आतही एक लवचिक पट्टा दोन्ही रिळांना ताणून फिरवत असतो. तो सैल पडतो, तुटतो किंवा टेपलाच चिकटतो. मग कॅसेट उघडून पट्टा बदलावा लागतो. टेपची टोकं रिळांना बांधलेली नसतात. शेवट जवळ आल्याचं टेपला पाडलेल्या भोकांतून येणाऱ्या प्रकाशावरून कळतं, आणि तो प्रकाश टिपणारा डोळा धुळीने झाकला गेला असेल तर टेप रिळावरून सुटून बाहेर येते. तेव्हा डोळाही पुसायचा. मग टेप एकदा टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी पडून आलेला असमान ताण सारखा होतो. वाचायला सुरुवात त्यानंतर.

ड्राइव्ह यूएसबीने जोडता येत नाही. यूएसबी फ्लॉपीत कंट्रोलर आतच असतो आणि तो फक्त सेक्टर देतो-घेतो. स्पंद मोजून पाठवण्याची सोय त्यात नाही. म्हणून खरा फ्लॉपी कंट्रोलर असलेला जुना मदरबोर्ड लागतो. लिनक्समध्ये या टेपांसाठी 'एफटेप' नावाचा ड्रायव्हर होता, मूळ बास लारहोव्हन यांनी लिहिलेला. 2007 मध्ये 2.6.20 या आवृत्तीत तो काढून टाकला गेला. त्याआधीचं लिनक्स जुन्या मशीनवर बसवायचं आणि फाइली शोधत न बसता टेपवरचं सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. टेप कदाचित एकदाच चालेल. उलगडण्याचं काम नंतर आजच्या कॉम्प्युटरवर सावकाश करता येतं.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या काळातलं मराठी टाइपसेटिंग युनिकोडमध्ये नव्हतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो वा दुसरं कोणतं सॉफ्टवेअर, प्रत्येकाची अक्षरांची क्रमवारी वेगळी होती. फाइल सुखरूप परत आली तरी तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर लॅटिन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. पण बॅकअप पूर्ण डिस्कचा असेल तर तो फॉन्टही बहुतेक त्याच टेपवर असतो: विंडोज 3.1 असेल तर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये, 95 असेल तर फॉन्ट्स फोल्डरमध्ये. म्हणून फक्त मजकुराचं फोल्डर उचलून थांबू नये. फॉन्टचं फोल्डरही त्याच वेळी उतरवून घ्यावं, आणि युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुराशेजारी मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट तसाच जपून ठेवावा.