कातळाखालची भेग

डिसेंबर लागला की आमच्या मातोश्री एक आठवण हटकून काढतात. ११ डिसेंबर १९६७ची पहाट होती. बेळगावच्या आमच्या जुन्या घरातील फडताळातून पितळी डबे धडाधड खाली आले आणि आजोबांनी साऱ्यांस अंगणात बाहेर काढले. तो कोयनेचा भूकंप. तिकडे कोयनानगर परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. ही हकीकत परवा वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, जमीन नेमकी कुठे फाटली होती?"

प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरापायी शास्त्रज्ञांची पन्नास वर्षे खर्ची पडली आहेत. डोणीचावाडा गावानजीक जमिनीस भेगा पडलेल्या तेव्हा दिसल्या, आणि त्याच गावाचे नाव त्या प्रस्तरभंगास मिळाले. (गावाने असली कीर्ती खचितच मागितली नसेल!) परंतु खरी भेग दृष्टीस पडत नाही. तेथे काळ्या कातळाचा थर सुमारे एक किलोमीटर जाड, त्याखाली ग्रॅनाइट. आणि भूकंप उपजतात ते त्या ग्रॅनाइटमध्ये.

मग पोटातले कळावे कसे? भूकंपच ते सांगतो. हादऱ्यासरशी दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. वीज आणि गडगडाट यांतील अंतरावरून आपण पावसाळी ढग किती दूर ते ताडतो, तसेच हे. यंत्रावर दोन लहरींत २ सेकंदांचे अंतर पडले, तर उगम सुमारे १७ किलोमीटरवर. तीन ठाण्यांभोवती अशी वर्तुळे काढली की जागा सापडते. खोलीसाठी आणखी ठाणी लागतात. असे हजारो बारीक धक्के टिपले की ठिपके एका तिरप्या पातळीत मांडलेले दिसू लागतात. ती पातळी म्हणजेच भेग. पहिला हिसका कोठे ढकलणारा, कोठे ओढणारा, यावरून कोणती बाजू कोणीकडे सरकली तेही उमगते.

पृष्ठभागावरील गोंगाट टाळण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खोल विवरे खोदून भूकंपमापक थेट ग्रॅनाइटमध्ये उतरवले. त्यामुळे जागेतील चूक ८०० मीटरवरून ३०० मीटरवर आली. २०१७ साली तर ३ किलोमीटर खोल विवर पुरे झाले.

धरणानेच जमीन फोडली, असे पारावर आजही म्हणतात. ते अर्धेच खरे. १९६२पासून पाणी साठू लागले आणि धक्के वाढले, हे खरेच; पण ताण खडकात आधीपासून होता, भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने त्यास निमित्त दिले, असे जाणकार मानतात. म्हणून तर भेगांचा नकाशा हवा. मात्र त्यावरून धक्का कोठे बसेल ते कळते, केव्हा ते नव्हे. मातोश्रींना हे सांगितले, तर त्यांची निराशाच झाली.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी कंपासने तीन वर्तुळे काढून आणली. ती एका बिंदूत मिळेनात, मध्ये इवलासा त्रिकोण उरला. चूक समजून तो खोडू लागला, तेव्हा आम्ही त्याचा हात धरला.